चष्म्याच्या डबीतली हत्यारं

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा नमस्कार. दोन्ही हात जोडून करायचा होता, पण उजवा सुजलाय, तेव्हा हा एकाच हाताचा समजून गोड मानून घे. तो का सुजला ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते मी दर वेळी विसरते, तेव्हा जो दुखत असेल त्याचीच विचारपूस केली असं धर. कानात औषध घालतेस ना? फोन करावा तर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या शेजाऱ्यांना सगळं ऐकू येतं, म्हणून हा पत्राचा कुटाणा. शाळेत माझी आणि अक्षरांची जेवढी ओळख झाली तेवढ्यावरच भागवते आहे. कुठे कमीजास्त वाटलं तर तू थोरली आहेस, पदरचं घालून वाच.

तुझं पत्र मिळालं. कांद्याचा वास येत होता. मला वाटलं, आता अक्काला रडू आणायला कांदा लागायला लागला की काय. मग वाचलं तेव्हा कळलं, की भाजीच्या टोपलीत घालून, दोरीने खिडकीतून खाली सोडून तू ते भाजीवालीकडून टपालात टाकवलंस. आणि ते का, तर आमचा भाचा ढब्बू (आता मोठा साहेब झाला असेल, पण मी त्याचं नाक पुसलेलं आहे, मी ढब्बूच म्हणणार) सकाळी कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जातो आणि संध्याकाळी येऊन उघडतो. तू दूध गॅसवर ठेवून बागेतल्या बाकावर जाऊन बसलीस, पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला, हे सगळं मान्य. पण धूर झाला तेव्हा तू बाहेर होतीस म्हणून धडधाकट राहिलीस. आता पुन्हा झाला तर तू आत असशील आणि किल्ली ढब्बूच्या खिशात. हा कसला बंदोबस्त, माझ्या डोक्यात शिरत नाही. तू लिहिलंयस, "काळजीपोटी करतो गं." काळजी असेल तर दूध तापवून ठेवून जावं माणसाने! असो. तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी त्यात नाक खुपसणार नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवयच नाही, हे तू जाणतेसच.

मी हे पत्र लिहायला घेतलंय ते वेगळ्याच कारणाने. आमच्या घरात असं काही घडलंय, की अजून माझ्या छातीतली धडधड जात नाही. तुझ्याशिवाय सांगू कोणाला? (भिंतीला सांगितलं असतं, पण पलीकडे जागी शेजारीण असते.)

आमची नात, कॉलेजात जाते ती, समोरच्या दोन दातांमुळे आणि काहीबाही साठवायच्या खोडीमुळे आपण जिला खार म्हणतो तीच, मागच्या महिन्यात एकदा स्वयंपाकघरात टेबलाशी कॉम्प्युटर घेऊन बसली होती. मी चहा घेऊन गेले. बघते तर पडद्यावर बारीक बारीक चकचकीत हत्यारं ओळीने मांडलेली. टोकाला वाकलेली, नागमोडी, चपटी. दाताच्या डॉक्टरच्या ताटलीत असतात ना, अगदी तश्शी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, पोरीने एकदाचा मार्ग धरला, आता माझी दुखरी दाढ घरच्या घरी निघेल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, यातलं दाढेचं कुठलं? तर ती म्हणते कशी, "आजी, ही कुलूप उघडायची हत्यारं आहेत. किल्लीशिवाय."

अक्का, चहा माझ्या हातात राहिला तो केवळ सवयीने. आपल्या घराण्यात कोणी भांडखोर निघालं, कोणी आळशी निघालं, एकजण तर कविता करणारा निघाला, तेही आपण गिळलं. पण घरफोड्या? आणि तोही आमच्या घरात, जिथे माझे चिरंजीव विमा कंपनीत बसून लोकांना चोरीचा विमा विकतात! म्हणजे बापाने विमा विकायचा आणि लेकीने घर फोडायचं. कोणाला वाटेल, दोघांचा भागीदारीत धंदा आहे.

मी सूनबाईला हाक मारली. म्हटलं, आता ही लेकीच्या पाठीत धपाटा घालेल. तर ती भाजी निवडत बसलेली मान वर न करता म्हणाली, "असू द्या हो आई. छंद आहे. त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा बरा." मी बघतच राहिले. चिरंजीव आले, त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि फक्त एवढंच म्हणाले, की घरातल्या कुलपांना हात लावायचा नाही. घरातल्या! म्हणजे शेजाऱ्यांच्या चालतील काय? पण नाही, तसं नव्हतं. पोरगी मला समजावायला लागली, की जगभर माणसं हौसेने कुलपं उघडतात, शब्दकोडं सोडवावं तशी. त्यांची मंडळं असतात, स्पर्धा असतात, बक्षिसं असतात. आणि त्यांचे दोन नियम असतात. एक, कुलूप आपलं तरी असावं नाहीतर मालकाची परवानगी तरी असावी. दुसरा, जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर कधी शिकायचं नाही, ते बिघडतं. हे ऐकून तर मला आणखीच धक्का बसला. आपल्याकडे लोक दुसऱ्याची छत्री न विचारता नेतात, आणि चोरांच्या हत्यारांना एवढ्या रीतीभाती!

खरं तर मी तिथे तिच्याशेजारी बसले ती तिचं मन वळवायला. देवाशपथ. पण ती विकत मागवायला हत्यारं निवडत होती आणि निवड चुकत होती. तुला माहीत आहे, समोर कोणी वस्तू चुकीची घेत असेल तर मला बघवत नाही. अनोळखी बाईने किडकं वांगं उचललं तरी मी तिच्या हातून काढून घेते. चोरी वाईटच, पण चोरीचं सामान घ्यायचं तर धड तरी घ्यावं! पोरीने भली थोरली पेटी पसंत केली होती. तिच्यात दंताळ्यासारखी, करवतीसारखी, सापासारखी, मुलांच्या पिस्तुलासारखं एक कायसंसं, आणि वर चामड्याचं पाकीट. मी म्हटलं, गप. मी विणकाम शिकायला बसले तेव्हा हौसेने सुयांचा सगळा संच आणला होता. वापरल्या त्यातल्या दोनच. बाकीच्यांनी मी गुळाची ढेप फोडली, पाठ खाजवली आणि एकदा उंदीर मारला. शिकणाऱ्याला फार हत्यारं दिली की तो हत्यारं बदलत बसतो, हात बदलत नाही. झालं! मी "शी, काय हे" म्हणत बसले होते ती कधी "ही फार पातळ आहे गं, वाकेल" म्हणायला लागले, माझं मला कळलं नाही. सूनबाईला कळलं. ती हसत होती.

तर नीट ऐक (तुला उपयोग नाही म्हणा, पण माहिती असावी). सुरुवातीला लागतं फार थोडं. टोकाला किंचित वाकलेला एक आकडा. त्याहून जरा जास्त वाकलेला दुसरा, कुलपाच्या पोटातल्या उंच खुंट्यांसाठी. एखादी नागमोडी, भराभर घासायला. आणि कुलपाला ताण द्यायला चपट्या पट्ट्या, एक जाड, एक पातळ. पट्टीकडे कोणी लक्ष देत नाही, सगळे आकड्यांवर भाळतात, आणि तिथेच फसतात. हत्यार पोलादी हवं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात, नाहीतर बोट कापतं आणि कुलूपही ओरबाडतं. आणि मूठ भरीव हवी. माझ्या सांध्यांना बारीक मूठ झेपत नाही. (इथे पोरगी माझ्याकडे बघायला लागली. "आजी, तुझ्या सांध्यांचा काय संबंध?" मी म्हटलं, उदाहरण देतेय.)

तरी खात्री करावी म्हणून मी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेले. माणूस म्हणजे नुसता भोंगा. आपण अमुक बँकेची तिजोरी डोळे मिटून उघडली हे तो बूट शिवायला आलेल्यालाही सांगतो, आणि बूट शिवणारा शेजारी बसतो. मी हळूच विचारलं, शिकणाऱ्याने आधी कुठला आकडा घ्यावा? त्याच्या हातातली कानस खाली पडली. माझे पांढरे केस बघितले, हातातली काठी बघितली आणि कुजबुजला, "आजी, कुठल्या घराचं?" मी म्हटलं, मेल्या, ज्ञान म्हणून विचारतेय. पण त्याचं कुजबुजणंसुद्धा गल्लीभर जातं. चहा निवायच्या आत बातमी फिरली, की विमावाल्यांची म्हातारी कुलपं फोडायला शिकतेय. काल माझ्याकडे न बघता जाणारे लोक आज लांबून नमस्कार करतात. शेजारणीने नवीन कुलूप घेतलं. वरच्या मजल्यावाल्यांनी दोन घेतली. सगळी घेतली त्याच चावीवाल्याकडून! मग त्यालाच माझी दया आली की लाज वाटली कोण जाणे, एक जुनं लोंबतं कुलूप त्याने मला सरावाला फुकट दिलं.

हत्यारं आली. आरपार दिसणारं एक शिकाऊ कुलूपही आलं. त्यात आतल्या बारीक खुंट्या आणि त्यांना खाली दाबणाऱ्या स्प्रिंगा दिसतात. पट्टीने ताण धरायचा आणि आकड्याने एकेक खुंटी वर उचलून बसवायची. सगळ्या बसल्या की कुलूप फिरतं. सगळा खेळ त्या ताणात. मी तुला सोप्पं करून सांगते. पट्टीचा दाब म्हणजे सासूचा सुनेवरचा दाब. जास्त दिलास तर सगळं आवळून बसतं, काही हलत नाही. सोडून दिलास तर इतका वेळ वर चढवलेलं सगळं धपाधप खाली. आहे पण जाणवत नाही, एवढाच हवा. (सूनबाई तिकडून म्हणाली, "मग आई, हे घरातही करून बघा ना." मी ऐकलं नाही असं दाखवलं. बहिरं होणं आपल्या घराण्यात आहेच.)

आरपार दिसणारं कुलूप मी बघून बघून उघडलं आणि फुशारले. चावीवाल्याचं काळं कुलूप काही केल्या उघडेना. मग लक्षात आलं, डोळ्यांनी शिकले ते कामाचं नाही, बोटांनी कळलं पाहिजे. डोळे मिटले. अंधारात कपाटातली डबी शोधतो तसं चाचपत गेले. एक खुंटी बसली, दुसरी बसली, आणि एकदम खट! अक्का, माझ्या हातून कुलूप उघडलं आणि मी दचकून मागे वळून बघितलं, पोलीस आलेत का! किल्ली नाही, काही नाही, आणि लोखंड माझ्या हातात आ वासून पडलेलं. आयुष्यभर आपण ज्या वस्तूवर विसंबून झोपलो ती ही? त्या रात्री मला झोप आली नाही. आणि सकाळी मला दुर्बुद्धी सुचली.

आमच्या दाराला चिरंजीवांनी नवीन कुलूप बसवून घेतलंय. आतून-बाहेरून, दोन्हीकडून किल्लीनेच उघडतं. येईल त्या पाहुण्याला ते आधी कुलूप दाखवतात, मग पाणी विचारतात. मी म्हटलं, बघू तरी याच्या पोटात काय आहे. दुसरा नियम मला आठवत होता, पण हात थांबला नाही. सगळे आवरत होते तेवढ्यात आतल्या बाजूने आकडा घातला. छान चाललं होतं. कुलूप जरासं फिरलंही. आणि मी जोर केला. सुनेवर करायचा नाही म्हणून वर लिहिलं, तोच जोर. आकड्याचं टोक मोडून आत राहिलं. किल्ली आत जाईना. दार उघडेना.

आणि नेमके त्या दिवशी चिरंजीव कंपनीत भाषण द्यायला निघालेले. विषय काय? तर, "आपलं घर सुरक्षित कसं ठेवावं." नवा शर्ट, केसांना पाणी, हातात बॅग, आणि दार बंद! किल्ली खिडकीतून खाली फेकून चावीवाल्याला वर बोलावलं, पण बाहेरूनही किल्ली फिरेना, कारण आतला भाग मी अर्धवट फिरवून ठेवला होता (हे मी कोणाला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस). चिरंजीवांनी स्वतः चिमटा घातला आणि तुकडा होता त्याहून आत ढकलला. मग त्यांचा तोल गेला. दारावर धपाधपा थापा मारायला लागले. एवढा मोठा माणूस! कपाळावर घाम, कॉलर सैल, आणि ओरडतात कसे, "अरे, माणसाला असं घरात कोंडून ठेवतात का? जीव गुदमरतोय माझा!"

मी खुर्चीवर बसले होते. म्हटलं, "तुझ्या मावसभावाला विचार. तुझी मावशी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशीच कोंडलेली असते. फक्त ती ओरडत नाही."

थापा थांबल्या.

मग मी उठले. सगळ्यांना बाजूला सारलं. चावीवाला बाहेरून क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशा सूचना देत होता, त्या कानाआड केल्या. दुसरा आकडा, बारीक, जो घेऊच नको म्हणून पोरगी माझ्याशी भांडली होती तो घातला, डोळे मिटले आणि त्या तुकड्याला कडेकडेने, रुसलेल्या पोराला आणावं तसं बाहेर आणलं. बोटं टम्म सुजली ती तेव्हा. दार उघडलं. मी जरा ऐटीतच उभी होते.

पण खरा धक्का पुढेच आहे, अक्का. वरचं सगळं म्हणजे नुसती तयारी. चावीवाला आत आला, हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि चिरंजीवांना म्हणाला, "आलोच आहे तर साहेब, तो कडी-कोयंडाही आत्ताच ठोकून टाकू का? आजींसाठी बाहेरून लावायचा सांगितला होतात तो?"

सूनबाईने भाजीत मान घातली, आणि त्या दिवशी तर पुढ्यात भाजी नव्हतीच. माझ्यासाठी! मी, जी रोज दूध आणते, वीजबिल भरते, तुझ्या पत्रांना उत्तरं लिहिते! ढब्बूने फोनवर सांगितलं होतं म्हणे, "दादा, फार सोयीचं पडतं रे." मला ओरडायचं होतं. आवाजच फुटला नाही. माझा आवाज फुटला नाही यानेच सगळे जास्त घाबरले. शेवटी चिरंजीव भिंतीकडे बघत म्हणाले, नको, राहू द्या. आणि भाषणाला गेले. तिथे काय बोलले देव जाणे. संध्याकाळी येऊन त्यांनी ढब्बूला फोन केला, असं करू नये म्हणून समजावलं. तर तो म्हणाला, "मावशीचं मनावर घेऊ नकोस, तिला काय कळतं." मी शेजारीच बसले होते. ऐकलं.

तर असं झालं बघ. मी पोरीला बजावलंय, की हा छंद चांगल्या घरच्या माणसांचा नाही. हत्यारं चष्म्याच्या जुन्या डबीत घालून फडताळात अगदी वर ठेवून दिली आहेत. माझ्यापुरता विषय संपला. गोळ्या वेळेवर घे, पायाखाली उशी घे, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. क. तुझ्या दाराचं ते कुलूप लोंबतं आहे की दारातच बसवलेलं? तू लिहिलं नाहीस. बाहेर असतं म्हणून तुला दिसत नसेल, पण ढब्बू घरात असतो तेव्हा ते कुठेतरी खुंटीबिंटीला अडकवत असेलच. भांडी पुसता पुसता हातात घेऊन बघ. वजनाला कसं आहे, भोक सरळ आहे की वाकडं, वर काय खरडलेलं आहे ते लिही. सहज विचारतेय.

आणखी एक ता. क. घर तुझ्याच नावावर आहे ना? मग एका ओळीत लिहून पाठव, की माझ्या दाराचं कुलूप उघडायला माझ्या बहिणीला माझी परवानगी आहे, आणि खाली सही कर. मला त्याची काही गरज नाही, पण खार त्याशिवाय येणार नाही म्हणते. नियम! आणि ते कुलूप वापरातलं आहे, त्याचं काय, असंही विचारत होती. मी म्हटलं, आपण त्यावर शिकणार नाही आहोत, शिकून जाणार आहोत.

आणि ढब्बू, तू हे वाचत असशील तर: दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडलंस म्हणजे विचारल्याशिवाय काय उघडावं यावर मला तू शिकवू नकोस. कुलूप बदलायचं तर खुशाल बदल. चांगलं भारीतलं आण. माझा सराव होईल.

शेवटचं, अक्का. चष्म्याची डबी फडताळातून काढली आहे. तुझी सही हातात पडली की आम्ही येऊ, त्या दिवशी दाराशी खुडबूड ऐकू आली तर घाबरू नकोस. तुला ऐकू येणार नाही, ते आलं लक्षात. म्हणून असं कर, गॅस बंद करून ठेव, खुर्ची दाराकडे तोंड करून घे, आणि चपला घालून बस.